गाव सोडलं तरी वर्गणी सुटत नाही: अमेरिकेबाहेर राहणारे अमेरिकन आणि तो 'फाटका' फॉर्म

तुम्ही कधी एसआयपी चालू केली असेल, नवीन खातं उघडलं असेल किंवा डिमॅटचं केवायसी केलं असेल तर शेवटच्या पानावर एक प्रश्न आला असणार, की भारत सोडून आणखी कुठल्या देशाचे तुम्ही टॅक्स रेसिडेंट आहात का, आणि खाली जन्माचा देश. आपण न वाचताच 'नाही' वर टिक करतो, सही ठोकतो आणि मोकळे होतो. मीही इतकी वर्षं तेच केलं. गेल्या वर्षी भाचीबरोबर गेलो तेव्हा मात्र त्या एका टिकमार्कवर आमची अख्खी दुपार गेली.

झालं असं की भाचीचा जन्म एडिसन, न्यू जर्सीचा. ताई आणि दाजी तेव्हा तिकडे आयटीत होते, २००५ ला ही झाली आणि २००९ ला सगळे पुण्याला परत आले. पोरगी मराठी बोलते, मिसळीत शेव जास्त मागते, अमेरिकेचं तिला काही म्हणजे काही आठवत नाही. कपाटात अमेरिकेचा निळा पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते) आहे तेवढंच. तर म्युच्युअल फंडाच्या फॉर्मवर जन्मस्थान लिहिल्याबरोबर काउंटरवरचा मुलगा थांबला आणि म्हणाला, हिचा अमेरिकेचा टॅक्स नंबर लागेल. दाजी म्हणाले, अहो ती बालवाडीत होती आम्ही आलो तेव्हा. तो म्हणाला, बरोबर आहे सर, पण सिस्टीम पुढे जात नाही, हा फाटका फॉर्म भरा. दाजींना वाटलं फॉर्म फाटलाय, म्हणाले दुसरा द्या.

तो शब्द 'फॅटका' होता, बाहेरच्या बँकांकडून अमेरिकन खातेदारांची माहिती मागणाऱ्या अमेरिकी कायद्याचं नाव. मी सीए नाही, पण त्यानंतर दोन-तीन महिने सीएच्या खुर्चीसमोर बसून आणि नियम वाचून जे डोक्यात शिरलं ते इथे लिहितोय, कारण आमच्यासारखी घरं बाणेर-बावधनपासून नाशिक-नागपूरपर्यंत भरपूर आहेत आणि बहुतेकांना वाटतं की अमेरिका सोडली म्हणजे विषय संपला.

आधी पाया: राहता कुठे की आहात कोण

जगातले जवळजवळ सगळे देश इन्कम टॅक्स लावताना बघतात की माणूस राहतो कुठे. भारताचंही तसंच आहे, तुम्ही दुबईला नोकरीला गेलात, वर्षातले ठरावीक दिवस भारतात नसलात की तिथल्या पगारावर भारत टॅक्स मागत नाही. पासपोर्ट भारताचाच असतो तरी.

अमेरिका बघते की माणूस आहे कोणाचा. नागरिक असलात तर तुम्ही पुण्यात राहा, पॅरिसला राहा, जगभरातलं उत्पन्न अमेरिकेला दाखवायचं. नागरिकत्वावर असा टॅक्स लावणारा दुसरा देश म्हणून नेहमी एकच नाव निघतं, आफ्रिकेतलं एरिट्रिया, ते बाहेरच्या लोकांकडून २ टक्के घेतात.

मला हे डोक्यात बसलं ते आमच्या गावच्या यात्रेवरून. आमचं गाव साताऱ्याकडचं. मुंबईला जाऊन तीन पिढ्या झाल्या तरी यात्रेच्या आधी गावकीचा फोन येतो, वर्गणी लावा. तुम्ही गावचं पाणी प्यायला नाही, रस्ता वापरला नाही, तरी नाव गावच्या यादीत आहे ना, मग वर्गणी लागू. अमेरिका म्हणजे ही गावकीच आहे, फक्त ती वर्गणीवर थांबत नाही, मुंबईतल्या घरात तुमचे डबे किती, त्यात डाळ किती, हेही दरवर्षी लिहून मागते. आणि यादीत नाव जायला तिथे जन्म झाला एवढं पुरतं, संविधानाच्या चौदाव्या दुरुस्तीने तिथे जन्मलेलं जवळजवळ प्रत्येक मूल नागरिक. आईवडील एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर होते की काय याचा भाचीच्या जन्माच्या वेळी संबंध नव्हता.

ही गावकी जुनी आहे. १८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, पैसे हवे होते, आणि लढाईच्या काळात परदेशात जाऊन बसलेल्यांनी हात वर करू नयेत म्हणून तेव्हाच्या टॅक्स कायद्यांत त्यांनाही ओढलं. पुढे मेक्सिको सिटीत राहणारे कुक नावाचे एक अमेरिकन गृहस्थ कोर्टात गेले, की मी इथे राहतो, कमाई इथली, तुमचा काय संबंध. १९२४ ला सुप्रीम कोर्टाने सरकारच्या बाजूने निकाल दिला, की नागरिक कुठेही असला तरी नागरिकत्वाचा फायदा त्याला असतो, म्हणून टॅक्स लावता येतो. शंभर वर्षं झाली, पाया तोच आहे.

बहुतेकांना टॅक्स लागतच नाही, अडकतात ते कागदात

हे नीट समजलं की निम्मी भीती जाते (आणि निम्मी नवीन येते). बाहेर राहणाऱ्यांसाठी अमेरिकेने दोन दारं ठेवलीत.

एक म्हणजे बाहेर मेहनतीने कमावलेल्या उत्पन्नाची सूट. २०२५ साठी ती १,३०,००० डॉलर होती. हिशोब सोपा जावा म्हणून मी सगळीकडे डॉलर ८५ रुपये धरतोय, तर ते झाले १ कोटी १० लाखांच्या वर. पुण्यातला बहुतेक पगार यात बसून जातो. अट अशी की तुमचं खरं बिऱ्हाड बाहेर हवं किंवा सलग बारा महिन्यांतले ३३० दिवस तुम्ही अमेरिकेबाहेर हवेत. पण लक्षात घ्या, ही सूट पगाराला आणि धंद्याच्या कमाईला आहे. एफडीचं व्याज, घरभाडं, शेअर विकून झालेला नफा याला नाही.

दुसरं दार म्हणजे भारतात भरलेल्या टॅक्सची वजावट. भारतात ३० टक्के भरलेत आणि अमेरिकेचे त्याच उत्पन्नावर २२ निघाले, तर २२ चे शून्य होतात. आपले दर वरच्या टप्प्यात तसे कडक असल्यामुळे नोकरदार माणसाचा आकडा बहुतेक वेळा शून्यच येतो.

मग लोक म्हणतात, शून्यच आहे तर भरायचं कशाला? कारण ही दारं आपोआप उघडत नाहीत. रिटर्न भरून, त्याला जोडफॉर्म लावून, मला ही सूट हवीये असं सांगावं लागतं. न भरता बसलात तर कागदोपत्री तुम्ही सूट मागितलेलीच नाही. त्यात आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आणि त्यांचं जानेवारी ते डिसेंबर, म्हणजे फॉर्म १६ सरळ चिकटवता येत नाही, दोन वर्षांचे तुकडे जोडून नवीन हिशोब मांडावा लागतो. मुदत १५ एप्रिल, बाहेर राहणाऱ्यांना आपोआप १५ जून, मागितली तर १५ ऑक्टोबर. टॅक्स निघत असेल तर व्याज मात्र १५ एप्रिलपासूनच चालू होतं.

रिटर्न कोणाला भरावंच लागतं याच्या मर्यादा आहेत, पण दोन चमत्कारिक आहेत त्या सांगतो. तुमचा नवरा किंवा बायको अमेरिकन नसेल आणि तुम्ही वेगळं रिटर्न भरत असाल तर मर्यादा ५ डॉलर. पाच. एका साध्या पिझ्झाएवढीही नाही. आणि स्वतःचा धंदा किंवा फ्रीलान्सिंग असेल तर निव्वळ कमाई ४०० डॉलर, म्हणजे वर्षाला ३४ हजार रुपये झाली की रिटर्न लागू.

आमची भाची कॉलेज करून बेकऱ्या-बुटीकवाल्यांचे लोगो आणि इन्स्टाच्या पोस्ट करून देते. वर्षाला तीनेक लाख होतात. तिचं तिलाच हसू आलं, की कोथरूडच्या बेकरीचा लोगो केला म्हणून अमेरिकेला सांगायचं?

एफबार: खात्यांची यादी

रिटर्न हा एक कागद, एफबार हा वेगळा, आणि लोक सगळ्यात जास्त इथेच चुकतात. १९७० च्या एका कायद्यातून हा आला. एफबार म्हणजे अमेरिकेबाहेरच्या आपल्या बँक आणि गुंतवणूक खात्यांची यादी. ती टॅक्सवाल्यांकडे म्हणजे आयआरएसकडे जात नाही, अमेरिकी अर्थखात्याच्या फिनसेन नावाच्या दुसऱ्या विभागाकडे ऑनलाइन जाते. फी नाही, टॅक्स नाही, नुसती यादी.

कधी भरायची? प्रत्येक खात्यात वर्षभरात सगळ्यात जास्त किती शिल्लक होती तो आकडा घ्यायचा, सगळ्या खात्यांचे आकडे मिळवायचे, आणि बेरीज १०,००० डॉलरच्या वर गेली की लागू. साडेआठ लाख रुपये. १९७० च्या दशकात ही मोठी रक्कम असेल, आज ती एका एफडीची गोष्ट आहे, पण मर्यादा तिथेच अडकून पडलीये. गंमत म्हणजे तुम्ही ५ लाख सेव्हिंगमधून काढून एफडीत टाकलेत तर पैसे तेच, पण सेव्हिंगचा सर्वात मोठा आकडा ५ आणि एफडीचाही ५, बेरजेत १० दिसतात.

आता आपल्या घरांत काय असतं? आजीने एफडी केली की नातीचं नाव सोबत लावते. आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघींपैकी कोणीही व्यवहार करू शकेल असं. पैसे आजीचे, व्याज आजीच्या खात्यात, नातीला पावतीचा रंगही माहीत नाही. पण खात्यावर नाव आहे ना, मग त्या एफडीची पूर्ण रक्कम नातीच्या एफबारमध्ये. निम्मी नाही, पूर्ण. आमच्याकडे अशी नऊ लाखांची निघाली. वडिलांच्या दुकानाच्या करंट खात्यावर फक्त सहीचा अधिकार असेल तरी ते खातं यादीत. एलआयसीची सरेंडर व्हॅल्यू असलेली पॉलिसी यादीत. डिमॅट यादीत. तुमच्या नावावरची शेतजमीन, फ्लॅट आणि लॉकरमधलं सोनं मात्र नाही, कारण ते 'खातं' नव्हे. मूल लहान असेल तरी यादी द्यावी लागते, आईवडिलांनी त्याच्या वतीने.

आणि दंड? चुकून राहिलं तरी कायद्यात १०,००० डॉलरपर्यंत होता, महागाईनुसार वाढून आता १६ हजारांच्या वर गेलाय. जाणूनबुजून लपवलं असं ठरलं तर एक लाख डॉलर (हाही महागाईने वाढलेला) किंवा खात्यातली निम्मी रक्कम, यातलं जे मोठं ते. बिटनर नावाच्या रोमानियात जन्मलेल्या अमेरिकन माणसाच्या केसमध्ये सरकारने २७२ खात्यांच्या नोंदी मोजून प्रत्येकी १०,००० असा २७ लाख २० हजार डॉलरचा दंड लावला होता. २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की चुकून झालेलं असेल तर दंड खात्यामागे नाही, फॉर्ममागे. पाच वर्षांचे पाच फॉर्म, म्हणून ५० हजार. पाचातला एक न्यायाधीश तिकडे गेला असता तर त्या माणसाचं काय झालं असतं.

"पण त्यांना कळणार कसं?"

आमच्या दाजींचा पहिला प्रश्न हाच होता, आणि २०१० च्या आधी तो बरोबरही होता. यादी स्वतःहून द्यायची होती, न देणाऱ्याला पकडणार कोण.

मग स्वित्झर्लंडच्या यूबीएस बँकेचं प्रकरण झालं. अमेरिकन श्रीमंतांना टॅक्स लपवायला मदत केली म्हणून बँकेने २००९ ला ७८ कोटी डॉलर भरले आणि पुढे साडेचार हजाराच्या आसपास खात्यांची माहिती द्यावी लागली. त्या रागात मार्च २०१० ला फॅटका कायदा झाला. नाव लांबलचक आहे, अर्थ एवढाच की परदेशातल्या बँकांनीच आपल्याकडचे अमेरिकन शोधून कळवायचे.

आता दुसऱ्या देशातल्या बँकेला अमेरिका हुकूम कसा देणार? इथे गावकीचं उदाहरण परत घ्या. गावकीने मुंबईतल्या प्रत्येक वाण्याला सांगितलं, आमच्या गावच्या कोणाची तुझ्याकडे उधारीची वही असेल तर आम्हाला कळव, नाहीतर आमच्या गावातून तुला जो माल येतो त्याच्या दर शंभर रुपयांमागे तीस आम्ही कापून घेऊ. तंतोतंत हेच आहे, ऐकलं नाही तर अमेरिकेतून येणाऱ्या व्याज-डिव्हिडंडवर ३० टक्के कपात. कुठल्या बँकेला परवडणार? शंभरच्या वर देशांनी करार केले. भारताने ९ जुलै २०१५ ला सही केली, ३१ ऑगस्टपासून लागू. बँक माहिती आपल्या इन्कम टॅक्स खात्याला देते आणि तिथून ती अमेरिकेला जाते.

एप्रिल २०१७ मध्ये तुम्हाला एसएमएस आले असतील, डिक्लेरेशन द्या नाहीतर खातं ब्लॉक होईल, ते याचमुळे. आणि बँकेचा कर्मचारी तुमच्यावर डूख धरून विचारत नसतो, त्याच्या सिस्टीममध्ये खुणा ठरलेल्या असतात: अमेरिकेत जन्म, अमेरिकेचा पत्ता, तिकडचा फोन नंबर, तिकडच्या खात्यात पैसे पाठवायची कायमची सूचना. एक जरी खूण दिसली की सिस्टीम अडते. त्यामुळे फॉर्मवर जन्माचा देश 'भारत' लिहून टाकू, असं कोणी सुचवलं (आमच्याकडे एका काकांनी सुचवलंच) तर ऐकू नका. साधी राहून गेलेली गोष्ट त्या क्षणी जाणूनबुजून लपवलेली होते, आणि दोन्हींच्या दंडातला फरक वर सांगितलाय.

फॅटकामुळे रिटर्नसोबत स्वतःही एक यादी द्यावी लागते, फॉर्म ८९३८. एफबारसारखाच, पण बाहेर राहणाऱ्या एकट्या माणसाला मर्यादा मोठी, वर्षअखेर २ लाख डॉलर किंवा वर्षात कधीही ३ लाख. सामान्य घरात इथपर्यंत जात नाही.

"भारत-अमेरिका डबल टॅक्सेशनचा करार आहे ना?"

आहे, १९८९ चा. पण त्यात एक कलम आहे ज्याने अमेरिकेने स्वतःच्या नागरिकांवर टॅक्स लावायचा हक्क राखून ठेवलाय, जणू हा करार नव्हताच. थोडे अपवाद आहेत, पण नागरिकासाठी कराराचा उपयोग लोक समजतात त्यापेक्षा फार कमी.

आणि एक मोठं भोक आहे, सोशल सिक्युरिटीचं. अमेरिकेत पेन्शनसाठी पगारातून पैसे कापतात, आणि स्वतःचा धंदा असेल तर दोन्ही वाटे आपणच भरायचे, १५.३ टक्के. अनेक देशांबरोबर अमेरिकेचा वेगळा करार आहे की एकाच देशात भरा. भारताबरोबर नाही. म्हणून फ्रीलान्सरला इन्कम टॅक्स शून्य आला तरी हा लागतो, ती १,३०,००० ची सूटही इथे चालत नाही.

भाचीचे तीन लाख म्हणजे साधारण ३,५०० डॉलर. इन्कम टॅक्स शून्य. हा दुसरा टॅक्स सुमारे ४९५ डॉलर, म्हणजे ४२ हजार रुपये. भारतात तिला तीन लाखांवर एक रुपया टॅक्स नाही. तिने नुकताच त्याच पैशातून टॅबलेट घ्यायचा ठरवला होता, तर तो दिवस घरात जरा शांततेत गेला.

करारावरून आठवलं, जे अजून तिकडेच राहतात त्यांच्यासाठीही एक गोष्ट. एनआरई एफडीचं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांची इथली एफडी) व्याज भारतात टॅक्स-फ्री आहे म्हणून ते अमेरिकेतही टॅक्स-फ्री, असं अगदी शिकलेसवरलेले लोक समजतात. नाही. तिकडे त्यावर टॅक्स आहे. जुन्या पीपीएफचं व्याजही बहुतेक सीए दरवर्षी दाखवायलाच सांगतात, कारण पीपीएफची पवित्रता त्यांच्या कायद्याला माहीत नाही.

म्युच्युअल फंड: चांगली सवय, चुकीच्या पासपोर्टवर

काउंटरवर आम्ही गेलो होतो एसआयपीसाठी, आणि शेवटी सीएने तीच करू नका म्हणून सांगितलं. कारण १९८६ च्या कायद्यातला एक प्रकार, पीएफआयसी. बाहेरच्या देशातली अशी कंपनी की जी स्वतः काही बनवत-विकत नाही, नुसती गुंतवणूक करून बसते. परदेशी फंडांत पैसे ठेवून टॅक्स वर्षानुवर्षं पुढे ढकलणाऱ्या अमेरिकन लोकांना आवरायला हा केला. त्यात आपला साधा इंडेक्स फंडसुद्धा सापडतो.

समजा तुम्ही आंब्याचं झाड लावलं आणि दहा वर्षांनी एकदम फळ उतरवलं. भारत म्हणतो, नफा एवढा, दर एवढा, द्या आणि जा. पीएफआयसीचा नेहमीचा नियम म्हणतो की हे फळ दरवर्षी थोडं थोडं आलं असं आम्ही धरणार, मागच्या प्रत्येक वर्षाच्या वाट्यावर त्या वर्षीचा सगळ्यात वरचा दर लावणार (आत्ता तो ३७ टक्के आहे), आणि तेव्हा भरला नाहीत म्हणून त्यावर व्याज घेणार. तुमचा स्वतःचा स्लॅब कितीही खालचा असो. शिवाय प्रत्येक फंडासाठी वेगळा फॉर्म, आणि सात एसआयपी असतील तर सात. सगळे फंड मिळून वर्षअखेर २५,००० डॉलरच्या आत असतील आणि त्या वर्षी काही विकलं नसेल तर फॉर्ममधून सुटका मिळू शकते, पण विकायची वेळ कधीतरी येतेच. सरळ शेअर घेतले तर ही भानगड नाही, म्हणजे कायदा विशीतल्या मुलीला सांगतोय की फंड नको, शेअर निवडायला शीक. मला तरी हा उलटा न्याय वाटतो. आपल्याकडचे काही फंड तर अमेरिकन पर्सनचे पैसे घेतच नाहीत, त्यांनाही डोकेदुखी नको असते.

"आमच्याकडे नुसतं ग्रीन कार्ड होतं"

ग्रीन कार्डवाला टॅक्सच्या बाबतीत नागरिकासारखाच. आणि कार्डाची तारीख संपली म्हणजे टॅक्स संपला असं होत नाही, हे खूप जणांना माहीत नसतं. मुलाकडे सहा महिने राहायला म्हणून कार्ड घेतलेले आणि मग सांगलीला परत येऊन राहिलेले आईवडील, त्यांचं कार्ड देवघराच्या खणात पडलेलं असतं आणि कागदोपत्री ते अजून आत असतात. फॉर्म आय-४०७ भरून कार्ड परत करावं लागतं. करारात राहत्या देशाचा आधार घेऊन ग्रीन कार्डवाल्याला सुटता येतं, नागरिकाला येत नाही, पण त्याचे परिणाम कार्डावर होतात, तेव्हा विचारून करा.

"मग नागरिकत्वच सोडून देऊ"

हे बोलायला सोपं आहे. बोरिस जॉन्सन, ब्रिटनचे पुढे पंतप्रधान झालेले, ते १९६४ ला न्यूयॉर्कला जन्मले आणि लहानपणीच तिथून गेले. लंडनचं राहतं घर विकलं, ब्रिटनमध्ये त्या नफ्यावर टॅक्स नाही, पण अमेरिकेची सूट २,५०,००० डॉलरपर्यंतच, म्हणून तिकडून मागणी आली. आधी जाहीरपणे नाही म्हणाले, मग भरला, आणि २०१६ ला नागरिकत्व सोडलं. त्यांच्याकडे ब्रिटनचं नागरिकत्व होतं. आमच्या भाचीकडे काय आहे? ओसीआय. आणि ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, नाव कितीही तसं असलं तरी. तिने अमेरिकेचं सोडलं तर ती कुठलीच राहणार नाही. आधी भारताचं नागरिकत्व मागायचं, त्याला पाच वर्षं ओसीआय आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहणं लागतं, आणि भारत दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही. क्रम चुकला की माणूस मधेच लटकतो. आईवडिलांनाही मुलाच्या वतीने सोडता येत नाही.

नागरिकत्व सोडायची फी अमेरिकेने २०१४ ला ४५० वरून एकदम २,३५० डॉलर केली, २०२३ ला परत ४५० वर आणायचा प्रस्ताव मांडला, तेव्हा आजचा आकडा दूतावासाच्या साइटवर बघून घ्या. मागची पाच वर्षं टॅक्सचे सगळे नियम पाळलेत असं शपथेवर सांगावं लागतं. तसं सांगता आलं नाही, किंवा संपत्ती २० लाख डॉलरच्या वर असेल, तर जाताना एक्झिट टॅक्सचे नियम लागतात, सगळं आज विकलं असं धरून. पुण्यात दोन जुने फ्लॅट आणि एक प्लॉट वारशाने आलेल्याला हा आकडा वाटतो तितका लांब नाही.

"आणि इतकी वर्षं काहीच भरलं नाही, आता?"

घाबरून गप्प बसू नका आणि घाईने सगळी जुनी रिटर्नंही एकदम टाकू नका. आयआरएसची स्ट्रीमलाइन्ड नावाची सोय आहे. मागच्या तीन वर्षांची रिटर्नं, सहा वर्षांचे एफबार, जो टॅक्स-व्याज निघेल ते, आणि हे माझ्याकडून न कळून झालं, मुद्दाम नाही, असं स्वतःच्या शब्दांत सहीनिशी लिहून द्यायचं. बाहेर राहणाऱ्याला यात दंड लागत नाही. अट अशी की त्यांनी तुम्हाला पकडायच्या आधी तुम्ही यायला हवं, नोटीस आल्यावर हे दार बंद.

भाचीने हेच केलं. सगळ्यात जास्त वेळ गेला तो सोशल सिक्युरिटी कार्ड शोधण्यात, ते माळ्यावरच्या बॅगेत तिच्या लहानपणीच्या स्नोसूटच्या खिशात मिळालं. ते 'स्वतःच्या शब्दांत' लिहिताना तिने सरळ लिहिलं की मी चार वर्षांची असताना भारतात आले आणि हा कायदा मला फंडाच्या काउंटरवर कळला. सीए म्हणाले यापेक्षा चांगलं मी लिहू शकलो नसतो.

कायदा बदलेल का म्हणाल, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रम्प म्हणाले होते की बाहेरच्या अमेरिकनांचा दुहेरी टॅक्स संपवू, डिसेंबरमध्ये तिथले खासदार डॅरिन लाहूड यांनी राहत्या देशावर आधारित टॅक्सचं बिल मांडलं, आणि जानेवारीत ती संसद संपली तशी ते बिलही संपलं. असल्या बातमीचे फॉरवर्ड आले की आमच्या ग्रुपवर दाजी अंगठा टाकतात, पण एफबार भरायचा रिमाइंडर काढलेला नाही.

राहिली आजीची एफडी. आजीला सगळं सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, माझ्या पैशाची अमेरिकेला काय पंचाईत. मुदत संपल्यावर भाचीचं नाव काढून तिला नुसती नॉमिनी लावायचं ठरलं, कारण नॉमिनी म्हणजे मालकही नाही आणि सहीचा अधिकारही नाही, त्यामुळे एफबारमध्ये येत नाही. आम्ही ब्रँचला गेलो, नवीन एफडीचा फॉर्म आला. आजीने चष्मा लावला, शेवटचं पान उलटलं आणि मला विचारलं, भारत सोडून आणखी कुठल्या देशाचे टॅक्स रेसिडेंट आहात का म्हणून विचारलंय, काय लिहू रे?